कारखान्याच्या दारापर्यंत



कपाशीवर फवारे मारणाऱ्या आपण सगळ्यांनी जपानमधल्या आगानो नदीची हकीकत ऐकून ठेवावी. १९६५ साली तिथे निइगाता भागात नदीकाठच्या माणसांचा रोग उघडकीला आला. हातपाय बधिर, नजर आखूड, बोलणे अडखळते. नदीची मासळी त्यांच्या रोजच्या जेवणातली. तिच्यात पारा निघाला. लहान माशातून मोठ्या माशात तो साठत जातो, शिजवून, तळून जात नाही.

वरच्या अंगाला साठेक किलोमीटरवर शोवा डेंको कंपनीचा कारखाना. कंपनी म्हणाली, १९६४ च्या भूकंपात गोदामांतले शेतीचे औषध नदीत गेले, त्याचा हा पारा! कारखान्याचे पाप शेतीच्या माथी. (पंप नाल्यात धुतो ही आपलीही चूक, पण ती वेगळी.)

१९६७ साली रोगी कोर्टात गेले. १९७१ साली निकाल लागला : विषाचा माग कारखान्याच्या दारापर्यंत नेला, की रोग्यांचे काम संपले, विष आपले नाही हे पुढे कारखान्याने सिद्ध करावे. कंपनीला ते जमले नाही.

उद्या आपल्या नाल्यात मासे मेले आणि साहेबाने फवाऱ्याकडे बोट दाखवले, तर आम्ही आधी विचारू, वरच्या अंगाला काय आहे?