बंधुता म्हटलं की बहीण कुठे असते?



आज एका शब्दाबद्दल बोलू या. मुलांच्या पाठ्यपुस्तकात सुरुवातीलाच संविधानाची उद्देशिका छापलेली असते. त्यात न्याय आहे, स्वातंत्र्य आहे, समानता आहे आणि बंधुता आहे. बंधू म्हणजे भाऊ. मग बहीण कुठे आहे?

हाच प्रश्न फ्रान्समध्ये त्यांच्या देशाच्या ब्रीदवाक्याबद्दल विचारला गेला. त्यांचं ब्रीद तीन शब्दांचं आहे: लिबर्ते, एगालिते, फ्रातेर्निते. म्हणजे स्वातंत्र्य, समता, बंधुता. यातला 'फ्रातेर' म्हणजे भाऊ, आपल्या 'भ्राता' शब्दाचाच दूरचा नातेवाईक. तिथे सरकारला स्त्री-पुरुष समानतेबद्दल सल्ला देणारी एक समिती आहे. २०१८ साली राज्यघटनेत दुरुस्ती करायचं घाटत होतं, तेव्हा या समितीने सुचवलं, की तिसऱ्या शब्दाचा फेरविचार करा. तिथे 'एकजूट' या अर्थाचा शब्द घ्या, नाहीतर 'आदेल्फिते' घ्या. हा शब्द ग्रीक भाषेतून आलेला. त्याच्या मुळाशी आहे आईचं पोट. एका पोटची ती सगळी. आपल्याकडे 'सहोदर' म्हणतात, अगदी तसंच.

यावर वाद झाला. काही जण म्हणाले, बंधुतेत सगळी माणसं आलीच, शब्दाचा कीस कशाला पाडायचा? तुमच्यापैकीही कुणाच्या मनात आलं असेल, की शब्द बदलून बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरणार आहे का?

प्रश्न रास्त आहे. पण उत्तर देण्याआधी त्या शब्दाचा इतिहास पाहू.

फ्रान्समध्ये १७८९ साली क्रांती झाली. ती स्त्रियांनीही केली. त्या रस्त्यावर उतरल्या, त्यांनी आपली मंडळं काढली. १७९१ साली ओलांप द गूज नावाच्या लेखिकेने स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. दोन वर्षांनी, १७९३ च्या ऑक्टोबरअखेर, स्त्रियांच्या मंडळांवर बंदी आली. लगेच नोव्हेंबरमध्ये ओलांपलाही राजकीय लिखाणाबद्दल मृत्युदंड दिला गेला.

पुढे १८४८ साली पुन्हा प्रजासत्ताक आलं. हे तीन शब्द राज्यघटनेत गेले आणि मताचा हक्क 'सर्वांना' मिळाला. सर्वांना म्हणजे कुणाला? फक्त पुरुषांना. १८८० पासून सरकारी इमारतींच्या भिंतींवर हे ब्रीद दिसू लागलं. गंमत बघा, फ्रान्सच्या प्रजासत्ताकाचं रूप म्हणून मारियान नावाच्या स्त्रीचा पुतळा ठेवतात. पुतळा बाईचा, मत मात्र बुवांचं!

मग राजकीय पक्षांनी काय केलं? १९१९ साली खालच्या सभागृहाने स्त्रियांच्या मताधिकाराला मंजुरी दिली. १९२२ साली वरच्या सभागृहाने, म्हणजे सेनेटने, तो प्रस्ताव फेटाळला. तिथे रॅडिकल पक्षाचं वजन होतं. हा पक्ष स्वतःला प्रजासत्ताकाचा रखवालदार समजायचा. पण त्याला धास्ती होती, की बायका पाद्र्यांच्या सांगण्यावरून मतं देतील आणि विरोधकांचा फायदा होईल. बाईला स्वतःचं डोकं नसतं, हे त्यामागचं गृहीत. आपल्यालाही ते ऐकून माहीत आहे, नाही का?

अखेर १९४४ साली हक्क मिळाला आणि १९४५ साली फ्रान्समधल्या स्त्रियांनी पहिल्यांदा मत दिलं. १८४८ पासून मोजा, ९७ वर्षं झाली. तीन पिढ्या 'बंधुता' भिंतीवर वाचत गेल्या आणि बहिणी मतदानाच्या दाराबाहेर राहिल्या. म्हणून 'शब्दात सगळे आलेच' असं कुणी म्हणालं, तर बायकांना ते पटकन पटत नाही.

पण याला दुसरी बाजूही आहे. त्याच २०१८ च्या जुलैमध्ये तिथल्या घटना परिषदेने एक निकाल दिला. सीमेवरच्या दरीत राहणाऱ्या एका शेतकऱ्याने परदेशातून आलेल्या निराधार माणसांना मदत केली होती, म्हणून त्याच्यावर खटला झाला होता. परिषदेने सांगितलं, बंधुता हे घटनेचं तत्त्व आहे. समोरचा माणूस कागदपत्रांसह आला की कागदपत्रांविना, हे न पाहता माणुसकीने मदत करायची मोकळीक त्यातून मिळते. शब्द तोच जुना, पण त्याचं दार परक्यासाठीही उघडलं. घटनादुरुस्ती मात्र बारगळली आणि ब्रीद आहे तसंच राहिलं.

आता आपल्याकडे येऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ साली आकाशवाणीवरच्या भाषणात सांगितलं होतं, की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं त्यांनी फ्रेंच क्रांतीतून उसनी आणली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणीतून घेतली. त्या शिकवणीत एक शब्द आहे, मैत्री. त्यात ना नुसता भाऊ आहे, ना नुसती बहीण. आपण रेडिओवर रोज एकमेकींना 'मैत्रिणींनो' म्हणतो, तो शब्द इतका मोलाचा आहे!

मला वाटतं, शब्द बदलायला हरकत नाही. पण तो बदलेपर्यंत थांबायचं मात्र नाही. आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. पंचायतीत निम्म्या जागा आपल्यासाठी आहेत. तिथे जायचं आणि स्वतः बोलायचं. खुर्चीवर नाव बाईचं आणि कारभार नवऱ्याचा असं चाललं असेल, तर विचारायचं, की बंधुतेत आम्ही आहोत ना? मग आमची सही आम्हीच करू.

मुलांना उद्देशिका पाठ करायला लावाल, तेव्हा 'बंधुता' या शब्दावर जरा थांबा. यात ताई पण येते का, असं त्यांना विचारा. मुलं काय म्हणाली, ते आम्हाला नक्की कळवा.

नमस्कार.