पाहणी करा, पण कागद गावात ठेवा
(वडिवळे इथल्या बैठकीत केलेलं भाषण)



पुण्याहून आलेली ही पोरं एम.ए., एम.एस्सी. शिकतात. कुणाचा विषय झाडं, कुणाचा नकाशे, कुणाचा अर्थशास्त्र. सगळे विषय एकत्र करून आपल्या भागासाठी जंगल राखायचा आणि विकासाचा कार्यक्रम बनवायचाय, असं त्यांचं म्हणणं. चांगलं आहे. कातकऱ्याच्या घरात हे विषय वेगळे कधी नव्हतेच. पावसात मासे, खेकडे, रानभाजी, मग मोळी, आणि दिवाळी झाली की उचल घेऊन वीटभट्टी. उचल फिटत नाही तोवर जंगल राखायला माणूस गावात थांबणार कसा? हे झाडं शिकणाऱ्यानंही विचारलं पाहिजे.

म्हणून मित्रांनो, पाहणीला नाताळच्या सुट्टीत येऊ नका. तेव्हा वाडीत दारं बंद असतात. मग कागदावर येतं, "इथे वस्ती नाही." असा कागद उद्या आपल्याच दाव्यावर उलटतो. श्रावण-भादव्यात या. चिखल लागेल, पण माणसं भेटतील.

आता कायद्याचं. 2006 च्या वनहक्क कायद्यात गावाचं सामूहिक जंगल राखायचा, सांभाळायचा हक्क आहे. 2012 च्या सुधारित नियमांप्रमाणे त्या जंगलाचा आराखडा ग्रामसभेनं नेमलेल्या समितीनं करायचाय. म्हंजे आराखडा ग्रामसभेचा, विद्यार्थी मदतीला.

मदत कुठं पाहिजे? तर पुराव्यात. म्हाताऱ्या माणसांचं सांगणं लिहून घेतलं की तो पुरावा धरतात. मासे धरायच्या जागा, कंद काढायच्या जागा, पाणवठे, देवाची झाडं, मसणवटा, हेसुद्धा धरतात. आपल्याला सगळं ठाऊक, पण लिहिलेलं काहीच नाही. नदीचे जुने डोह तर धरणाच्या पाण्याखाली गेले, त्यांची नावं आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी. तेव्हा आजीनं सांगायचं, यांनी लिहायचं, ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचं. वाचल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही, मग समोर कितीही गोड बोलणारा असो! उपग्रहाचा नकाशा खुशाल जोडा. पण नियमच सांगतो की तो इतर पुराव्याला जोड आहे, त्यांच्या बदल्यात नाही. झाडाखालची झोपडी वरून दिसत नाही.

गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावात हे झालंय. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे शिकलेले लोक तिथं अभ्यासगटात गावकऱ्यांच्या सोबत बसले. चर्चा अभ्यासगटात, निर्णय मात्र ग्रामसभेत, तोही सगळ्यांच्या सहमतीनं. 2009 मध्ये त्या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हातात आला. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावानं वर्षानुवर्षं बसून अभ्यास केला म्हणून हे झालं. दोन दिवसांच्या शिबिरात होत नसतं.

तुमचा प्रबंध इंग्रजीत होईल, होऊ दे. पण मराठी प्रत आधी इथं वाचायची, चुकलं असेल ते लोक सांगतील, मग कॉलेजात द्यायची. नकाशा आणि जबाबांचा एक संच वनहक्क समितीकडे राहील.

तारीख आजच ठरवू. बैठक सकाळी नको, बायांची पाणी-सरपणाची वेळ असते. दुपारी बसू. आणि यंदा कोण कुठल्या भट्टीवर जाणार, किती उचल घेतलीय, ती नावं पहिल्या वहीत लिहा. झाडांची यादी दुसऱ्या वहीत.