ग्रामर स्कूलच्या परंपरा : काय घ्यावे, काय टाळावे



इंग्लंडमधील ग्रामर स्कूल ही फार जुनी संस्था होय. लॅटिन भाषेचे व्याकरण शिकविणारी शाळा म्हणून तिला हे नाव मिळाले. स्ट्रॅटफर्ड येथील अशा एका शाळेस राजा सहावा एडवर्ड याची सनद १५५३ मध्ये मिळाली. शेक्सपिअर तेथेच शिकला असे मानतात, आणि ती शाळा आजही चालू आहे.

विसाव्या शतकात या शाळांचे जीवन ठरलेल्या प्रथांनी बांधलेले असे. सकाळी सर्व शाळा एका दालनात जमे. काळा झगा परिधान केलेले मुख्याध्यापक आत येताच मुले उभी राहत आणि प्रार्थनेनंतर वर्ग भरत. विद्यार्थ्यांचे ‘हाउस’ नावाचे गट असत. अकरा वर्षांचा नवखा आणि अठरा वर्षांचा जाणता विद्यार्थी एकाच गटात नांदत, व खेळात मिळविलेले गुण गटाच्या खाती जमा होत. वरच्या वर्गातील ‘प्रीफेक्ट’ रांगा लावीत व धाकट्यांवर लक्ष ठेवीत. भिंतीवरील लाकडी फलकांवर विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्या मिळविणाऱ्यांची नावे सोनेरी अक्षरांत झळकत आणि महायुद्धांत कामी आलेल्या माजी विद्यार्थ्यांचेही तेथे स्मरण केलेले असे. आपण एका दीर्घ मालिकेतील दुवा आहोत, ही जाणीव त्यातून मुलाच्या मनात रुजे.

१९४४ च्या शिक्षण कायद्याने सरकारी ग्रामर स्कूलांतील फी रद्द झाली व मजुरांच्या हुशार मुलांना ही दारे उघडली. हा लाभ थोर खराच. तथापि त्या दारात अकराव्या वर्षाच्या सुमारास द्यावयाची एक परीक्षा उभी होती. गणित, इंग्रजी व बुद्धिमापन यांच्या काही प्रश्नपत्रिकांवर मुलाची पुढील वाट ठरे. उत्तीर्ण झाल्यास सायकल देण्याचे वचन अनेक घरांतून दिले जाई. बहुसंख्य मुले मात्र ‘सेकंडरी मॉडर्न’ शाळेत जात व त्यांतील पुष्कळ जण पंधराव्या वर्षी शाळा सोडीत. एकाच घरातील भावंडांच्या वाटा फुटत. निवड केवळ गुणवत्तेवर होई असेही नाही. बर्मिंगहॅममध्ये मुलींसाठी जागा मुलांपेक्षा कमी होत्या, आणि हा भेदभाव बेकायदेशीर असल्याचा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायपीठाने १९८९ मध्ये दिला. त्यापूर्वीच, १९६५ मध्ये, सर्वांसाठी एकच माध्यमिक शाळा असावी असे सरकारने परिपत्रकाद्वारे सुचविले होते. त्यानंतर बहुतेक जिल्ह्यांनी निवड सोडली. आज इंग्लंडमध्ये १६३ सरकारी ग्रामर स्कूल उरली आहेत.

हा इतिहास ग्रामीण शिक्षकास परका नाही. पहिल्या दोन नवोदय विद्यालयांपैकी एक १९८५-८६ मध्ये अमरावती येथे सुरू झाले. तेथील सहावीच्या प्रवेशासाठी खेड्यातील मुले जवळजवळ त्याच वयात परीक्षेस बसतात. शिक्षकाने त्यांची तयारी अवश्य करून घ्यावी. निवड झालेल्या मुलाचे कौतुक गावाने करावे हेही योग्यच. परंतु निकालाच्या दुसऱ्या दिवशी उरलेली मुले त्याच वर्गात, त्याच शिक्षकापुढे बसतात. ‘आपण कमी प्रतीचे’ असा ग्रह दहा-अकरा वर्षांच्या मनात एकदा बसला की तो पुसणे कठीण असते.

येथेच ग्रामर स्कूलच्या परंपरांचा खरा उपयोग आहे, कारण त्यांतील उत्तम भागास निवडीची गरजच नाही. गट पाडण्यास इमारत लागत नाही, आणि चौथीच्या मुलीने पहिलीच्या मुलाचा हात धरून त्यास अक्षर गिरवावयास शिकविण्यास खर्च येत नाही. जबाबदारीची कामे मात्र निवडक मुलांकडे न देता पाळीपाळीने सर्वांकडे द्यावीत. फलकही अवश्य लावावा. त्यावर शिष्यवृत्तीधारकाबरोबरच वर्षभर एकही दिवस न चुकविणारा, शाळेची झाडे जगविणारा, आजारी सोबत्यास धडा समजावून देणारा, अशांची नावे यावीत.

निवड करणे हे परीक्षेचे काम आहे. प्राथमिक शिक्षकाचे काम निवड न झालेल्या मुलाची वही दुसऱ्या दिवशी तितक्याच आस्थेने तपासणे, हे आहे.