भुक्तभोगींना सल्लागाराचे स्थान
(वार्षिक सभेतील व्यवस्थापकीय भाषण)



वर्षाचा हिशेब आपल्यासमोर मांडून झाला. आता, जी हानी कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, त्या जुगाराच्या हानीविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा. तरीही १९६०च्या दशकापासून मटक्याच्या आकड्याने कितीतरी कष्टकऱ्यांचे पगार घरी पोहोचू दिले नाहीत. पुढे हा नाद मोबाइलवर आला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने २०२५ साली केला, त्याचे स्वागतच आहे. परंतु कायद्याने दुकान बंद होते. मनातील ओढ बंद होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात जुगाराचा विकार व्यसनाधीन वर्तनाच्या गटात आहे. म्हणजेच हा उपचारयोग्य आजार आहे.

या आजाराला वास नाही, पाऊल अडखळत नाही. तो ओळखण्याची दृष्टी ज्याने तो भोगला त्याच्यापाशी असते. हरलेले भरून काढण्याची तगमग, एकाचे देणे फेडण्यासाठी दुसऱ्यापुढे पसरलेला हात, घरच्यांना अर्धेच सांगितलेले कर्ज, हे सारे त्याला न सांगता कळते. आईने दागिने मोडून कर्ज फेडले, की खेळण्यासाठी नवी पत निर्माण होते, हेही तोच निःसंकोच सांगू शकतो.

हा विचार नवा नाही. १९५७ साली लॉस एंजेलिस येथे ‘गॅम्बलर्स अॅनॉनिमस’ ही संघटना जुगारग्रस्तांनीच परस्परांच्या आधारासाठी उभी केली. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने, १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसे इतरांना आधार देणारे कार्यकर्ते झाली.

मात्र अशा व्यक्तींना व्यासपीठावर बोलावून त्यांची कहाणी ऐकावी, टाळ्या वाजवाव्यात आणि निर्णय आपणच घ्यावेत, हे आम्हांस पुरेसे वाटत नाही. नोंदणीच्या वेळी कर्जाविषयी कसे विचारावे, माहितीपत्रकात कोणता शब्द बोचतो, रुग्ण दुसऱ्या भेटीला का येत नाही, या प्रश्नांवर त्यांचे मत निर्णयापूर्वी घेतले गेले पाहिजे.

म्हणून आमचा प्रस्ताव असा : समुपदेशन विभागाच्या सल्लागार समितीत दोन जागा ठेवाव्यात, एक व्यसनमुक्त व्यक्तीसाठी व एक कुटुंबीयासाठी. इतर तज्ज्ञांप्रमाणे त्यांना मानधन व प्रवासखर्च द्यावा. त्यांची ओळख गुप्त राहावी, पूर्वायुष्य सांगण्याची सक्ती नसावी आणि मन अस्वस्थ झाल्यास थांबण्याची मुभा असावी. ते वैद्यकीय उपचारांची जागा घेणार नाहीत. त्या उपचारांपर्यंतची वाट सुकर करतील.

देणगीदारांस विनंती, की इमारत व यंत्रे यांबरोबर या मानधनासही आपला हातभार लागावा. कुटुंबीयांस विनंती, की घरातील ही व्यथा लपवू नये. आमच्याकडे यावे, अथवा शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर बोलावे.

संसार उद्ध्वस्त होताना ज्यांनी पाहिला, आणि तो पुन्हा उभाही केला, त्यांचे ज्ञान वाया जाऊ नये. विश्वस्त मंडळाने या प्रस्तावास संमती द्यावी, ही नम्र प्रार्थना. आपला लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.