श्वासमार्गांतील सौम्य गांठी

गांठ हा शब्द कानीं पडतांच घरांतील मंडळींच्या मनांत कर्करोगाची धास्ती उभी राहते. परंतु सर्वच गांठी त्या जातीच्या नसतात. कांहीं सावकाश वाढतात, आसपासच्या भागांत शिरत नाहींत व दूरच्या अवयवांत पसरत नाहींत. म्हणून वैद्यक त्यांस सौम्य म्हणतें. मात्र अशी गांठ अडचणीच्या जागीं बसली, तर तिचा उपद्रव सौम्य राहत नाहीं. मुख्य श्वासमार्गांतील गांठ याच प्रकारची होय.

प्रौढ माणसाची श्वासनलिका सुमारें १० ते १२ सेंटिमीटर लांब असते. छातींत तिला फांटे फुटून एक उजव्या व दुसरा डाव्या फुफ्फुसाकडे जातो. नलिकेची रुंदी ८ मिलिमीटरच्या आसपास उतरली म्हणजे श्रमानंतर धाप लागते. ५ मिलिमीटरपर्यंत आली, कीं स्वस्थ बसलेल्या माणसासही दम लागतो. अर्थात् बराचसा मार्ग रोखला जाईपर्यंत रोगी निश्चिंत राहूं शकतो.

या गांठींत हॅमार्टोमा प्रमुख आहे. कूर्चा, चरबी इत्यादि देहाच्याच घटकांची विस्कळित जुळणी होऊन ती बनते. पॅपिलोमा विषाणूमुळें उद्भवतो, मसासारखा दिसतो आणि काढल्यावरही पुनः उगवूं शकतो.

नागपुरांत खोकल्याचा दोष वैशाखांतील धुळीस किंवा पौषांतील थंडीस देणें सोपें असतें. मग दम्याचें औषध सुरू होतें, किंवा थुंकींत जंतु न सांपडतांही क्षयाचा संशय धरला जातो. इकडे अडथळ्यापलीकडे कफ सांचतो, तेथें पुनः पुनः जंतुसंसर्ग होतो आणि फुफ्फुसाचा तो भाग कायमचा निकामी होण्याची भीति असते. दम्याची घरघर बहुधा दोन्ही बाजूंस असते व कमीजास्त होते. एकाच बाजूची, न हटणारी घरघर, त्याच जागीं उलटणारा न्युमोनिया किंवा थुंकींतून पडणारें रक्त यांची उपेक्षा करूं नये.

साध्या क्ष-किरणचित्रांत कित्येकदां कांहींच दिसत नाहीं. म्हणून सीटी स्कॅन व दुर्बिणीची तपासणी करावी लागते. १८९७ मध्यें फ्रायबुर्ग येथें गुस्ताव किलियान यांनीं नळीच्या साह्यानें एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गांतील हाडाचा तुकडा बाहेर काढला. पुढें १९६० नंतरच्या दशकांत जपानांतील शिगेतो इकेदा यांनीं लवचीक दुर्बीण सिद्ध केली. आतां याच मार्गानें तारेचा फास, विद्युत्, लेसर किंवा अतिशीत उपचार वापरून पुष्कळ गांठी छाती न उघडतां काढतां येतात. गांठ सौम्य आहे हें मात्र नुसत्या डोळ्यांनीं ठरवितां येत नाहीं. कार्सिनॉइडसारखी घातक गांठही वरून तशीच दिसते. तुकड्याची सूक्ष्मदर्शक परीक्षा अवश्य हवी.

नागपुरांत १९४७ मध्यें स्थापन झालेलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व २०१८ मध्यें सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांमुळें विदर्भांतील रोग्यास तज्ज्ञांचा सल्ला जवळच मिळूं शकतो. तो वेळीं घेतल्यास फुफ्फुस वांचतें. वर्षानुवर्षें नुसतें खोकल्याचें औषध घेत बसल्यास बरा होणारा रोगही दुर्धर होतो.