क्राइस्टचर्चचे दोन भूकंप

भूकंपाची वार्ता येते तेव्हा तिच्यासोबत एक आकडाही येतो, आणि ऐकणाऱ्याचे मन त्या आकड्यावरूनच अनर्थाचे मोजमाप करू लागते. हे मोजमाप किती फसवे असते, याचा अनुभव न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील क्राइस्टचर्च शहराने साडेपाच महिन्यांच्या अंतराने घेतला.

पहिला धक्का ४ सप्टेंबर २०१० रोजी पहाटे ४ वाजून ३५ मिनिटांनी बसला. त्याची तीव्रता ७.१ होती, उगम शहराच्या पश्चिमेस सुमारे चाळीस किलोमीटरांवर, डार्फील्ड गावाजवळ. धुराडी पडली, जुन्या विटांच्या भिंती रस्त्यावर आल्या. पण शनिवारची पहाट असल्याने रस्ते ओस होते. भूकंपाचा थेट बळी म्हणून एकही माणूस दगावला नाही. साऱ्या देशाने सुटकेचा निःश्वास टाकला. ज्या भूभंगाने हा उत्पात केला तो तोवर शास्त्रज्ञांनाही ठाऊक नव्हता. भूकंपाचे भय म्हणजे राजधानी वेलिंग्टनचे, क्राइस्टचर्चचे नव्हे, अशीच लोकांची समजूत होती.

दुसरा धक्का २२ फेब्रुवारी २०११ रोजी दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी बसला. तीव्रता अवघी ६.२, म्हणजे मुक्त झालेली शक्ती पहिल्याच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतकी. तथापि त्यात १८५ माणसे मृत्युमुखी पडली. असे का व्हावे? तर या वेळी उगम शहराच्या अगदी कुशीत, लिटल्टन बंदराजवळ होता, आणि भूपृष्ठापासून जेमतेम पाच किलोमीटर खोल. एका ठिकाणी जमिनीला वरखाली बसलेला हिसका गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीहून अधिक होता. त्यात भर दुपारची वेळ. माणसे कचेऱ्यांत, दुकानांत आणि पदपथांवर होती. मराठी श्रोत्यांना किल्लारीचे स्मरण होईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेथे झालेल्या भूकंपाची तीव्रताही एवढीच होती, आणि दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे निजल्या जागीच गाडली गेली. भूकंप जमीन हलवतो. माणसे बहुधा त्यांनीच बांधलेल्या भिंतींखाली मरतात.

क्राइस्टचर्चमध्ये मृत्यूंचा मोठा वाटा एकाच इमारतीचा होता. कँटरबरी टेलिव्हिजनच्या नावाने ओळखली जाणारी ही सहा मजली काँक्रीटची इमारत काही जुनीपुराणी नव्हती. तिचा आराखडा १९८६ सालचा. काही सेकंदांत ती मजल्यावर मजला अशी खाली बसली, आणि मागोमाग ढिगाऱ्याला आग लागली. तेथे ११५ जण गेले. इंग्रजी शिकण्यासाठी जपान, चीन आदी देशांतून आलेले विद्यार्थी त्यांत बहुसंख्य होते.

सप्टेंबरच्या भूकंपानंतर या इमारतीवर हिरवी चिठ्ठी डकवलेली होती! अशा प्रसंगी पाहणी करणारे लोक तेव्हा तांबडी, पिवळी किंवा हिरवी चिठ्ठी लावून जात. हिरवीचा अर्थ एवढाच, की वरवर पाहता आत जाण्यास मनाई करावी असे काही आढळले नाही. सामान्य माणसाने मात्र तिचा अर्थ ‘इमारत सुरक्षित आहे’ असा घेतला, आणि त्याला दोष कसा द्यावा? घाईच्या त्या पाहणीत अभियंता नव्हता. पुढे मालकाच्या वतीने एका अभियंत्याने इमारत तपासली, पण मूळ नकाशे त्याच्यापुढे नव्हते. खरा दोष त्या नकाशांतच होता. खांबांतील उभ्या सळ्यांना आवळून धरणारी कडी, ज्यांना आपले गवंडी रिंगा म्हणतात, ती फार विरळ होती. आणि धक्का पेलणाऱ्या भिंतींची मांडणी अशी, की हादऱ्यात इमारत पिळवटली जावी.

प्रथम धावून आले ते कोण? आसपासच्या कचेऱ्यांतील माणसे, बांधकामावरचे मजूर, वाटसरू, पोलीस. पाइन गूल्ड कॉर्पोरेशनच्या कोसळलेल्या इमारतीत अडकलेल्या एका माणसाचे पाय कापल्यावाचून त्याची सुटका होणे शक्य नव्हते. त्या दिवसांत शहरात मूत्ररोगतज्ज्ञांची परिषद भरली होती. तीतील डॉक्टरांनी खिशातला चाकू आणि साधी करवत घेऊन ते काम पार पाडले, आणि तो माणूस वाचला. याच इमारतीतून दुसऱ्या दिवशी दुपारी एक स्त्री जिवंत निघाली. तिच्यानंतर कोठूनही कोणी जिवंत हाती लागले नाही. ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर, ब्रिटन, अमेरिका येथून तज्ज्ञ पथके आली, २३ फेब्रुवारीस राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाली. परंतु ज्यांना वाचवता आले त्यांना बहुतांशी पहिल्या चोवीस तासांत जवळच्यांनीच वाचवले होते.

मदतकार्यातील उणिवाही झाकल्या गेल्या नाहीत, हे त्या देशाचे मोठेपण म्हटले पाहिजे. टेलिव्हिजन इमारतीत काही जण कोसळण्यातून वाचले होते. ढिगाऱ्याखालून ते दूरध्वनीवर बोलतही होते. त्यांच्या मृत्यूची चौकशी झाली तेव्हा घटनास्थळी सूत्रे नक्की कोणाच्या हाती होती, हेच स्पष्ट नव्हते असे दिसून आले. सूत्रे नीट असती तर ते खात्रीने वाचले असते, असे मात्र चौकशी अधिकाऱ्यालाही म्हणता आले नाही.

शहराच्या पूर्व भागातील हाल निराळ्या प्रकारचे होते. हे शहर दलदलीच्या सपाटीवर वसलेले. पाण्याने भिजलेली वाळू हादऱ्याने पातळ झाली आणि अंगणांत, स्वयंपाकघरांत करडा चिखल उसळला. नळ आणि मलवाहिन्या फुटल्या. कँटरबरी विद्यापीठाचे हजारो विद्यार्थी फावडी घेऊन घरोघर गेले. खेड्यांतून शेतकरी आपली यंत्रे घेऊन आले. लिटल्टन बंदरात योगायोगाने नौदलाचे ‘कँटरबरी’ हेच नाव धारण करणारे जहाज उभे होते; त्याने बंदरवासीयांना जेवू घातले. पुढे नदीकाठची आठ हजारांच्या आसपास घरे राहण्यास अयोग्य ठरवून सरकारने विकत घेतली. विम्याच्या दाव्यांचे तंटे कित्येक वर्षे चालले, त्यांची कथा कंटाळवाणी आहे. घर गमावलेल्यांना मात्र तिने भूकंपाइतकेच शिणवले.

चौकशी आयोगाने २०१२ साली निष्कर्ष दिला, की आराखडा करणाऱ्याला बहुमजली इमारतींचा पुरेसा अनुभव नव्हता, त्याच्यावर योग्य देखरेख नव्हती, आणि नगरपालिकेने परवानगी द्यावयास नको होती. बांधकामावर लक्ष ठेवणाऱ्याची अभियांत्रिकीची पदवीच खोटी होती, हेही उघड झाले. पोलिसांनी तीन वर्षे तपास केला. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी जाहीर केले, की या मृत्यूंबद्दल कोणावरही खटला भरला जाणार नाही. त्याच वर्षीच्या २२ फेब्रुवारीस एव्हन नदीच्या काठी स्मारकाची भिंत उघडण्यात आली होती. तीवर १८५ नावे कोरलेली आहेत. मृतांचे आप्त वर्षातून एकदा दूरदूरच्या देशांतूनही तेथे येतात.