सांध्यांचे दुखणे आणि मनाचे दुखणे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, तेव्हा मी वैद्य नाही ही अडचण मी सांगितली होती. परंतु आमच्या घरी आमवाताचा, म्हणजे डॉक्टर ज्यास ऱ्हुमॅटॉइड संधिवात म्हणतात त्या व्याधीचा, पुष्कळ वर्षे मुक्काम आहे. जे पाहिले तेवढेच सांगतो.

हा वात म्हातारपणी गुडघे झिजून होणारा नव्हे. शरीराची संरक्षक शक्तीच उलटून स्वतःच्या सांध्यांवर चाल करते. स्त्रियांत तो अधिक आढळतो आणि ऐन उमेदीतही गाठतो. सकाळी बराच वेळ बोटे वळत नाहीत. ती शक्ती आवरण्यासाठीच औषधे घ्यावी लागतात. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली आणि जिकडेतिकडे ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असा घोष सुरू झाला. तीच शक्ती दाबणारी गोळी दर आठवड्यास हाती घेणाऱ्या माणसाच्या मनाची काय अवस्था झाली असेल?

त्यातच २३ मार्चला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही गोळी आरोग्यसेवकांना प्रतिबंधक म्हणून सुचविली. आमवाताच्या अनेक रुग्णांची ती नित्याची गोळी. धडधाकट माणसांनीही तिचा साठा केला, आणि तीनच दिवसांत सरकारला विक्रीवर निर्बंध घालावे लागले. मी डोंबिवलीतील पाच दुकाने पालथी घातली तेव्हा एक पाकीट मिळाले. पुढे जूनमध्ये इंग्लंडातील मोठ्या चाचणीत, इस्पितळात दाखल झालेल्या करोनाच्या रोग्यांस तिचा लाभ होत नाही असे दिसून आले. पण तोवर आमच्या घरातील झोप उडाली ती उडालीच.

उपनगरी गाड्या २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून थांबल्या. जूनमध्ये सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतील लोकांपुरत्या. आमचे तज्ज्ञ मुंबईत; त्यांची भेट म्हणजे दूरध्वनीवरील दहा मिनिटे. सुजलेले मनगट दूरध्वनीवरून दाबून कसे पाहावे?

घरात मोलकरीण नाही, चारही माणसे चोवीस तास घरी, आणि पोळ्या लाटणारे हात तेच. सौभाग्यवती गप्प गप्प राहू लागल्या. मी म्हणालो, “थोडी हालचाल केलीस की बरे वाटेल.” हे वाक्य आज आठवले तरी लाज वाटते. भीतीपोटी त्यांनी आठवड्याची गोळी कोणास न सांगता सोडली होती. २ जुलैपासून ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक टाळेबंदी लागली. त्याच सुमारास एका पहाटे त्या स्वयंपाकघरात नळाजवळ बसून रडताना दिसल्या. नळ फिरवता येईना. डॉक्टरांनी दूरध्वनीवर औषधापूर्वी विचारले, “झोप लागते का? जीव नकोसा वाटतो का?” हा प्रश्न घरातील तिघांपैकी एकासही सुचला नव्हता. संसर्ग नसताना आपल्या मनाने औषध सोडू नये, आणि ताप आलाच तर प्रथम आम्हांस विचारावे, असे त्यांनी बजावले. वेदनेने मन खचते आणि खचलेल्या मनाला वेदना दुप्पट लागते, हेही त्यांनीच समजाविले.

एक कटू गोष्ट बोलतो, राग मानू नये. आपल्या वधूवरसूचीत हा आजार कोठेही दिसत नाही. तो आपल्या ज्ञातीत नाही असे नव्हे. तो लपविला जातो. कचेरीत जाऊन गुपचूप गोळी घेणाऱ्या सुनेने टाळेबंदीत, दोन खोल्यांच्या घरात, ती कोठे घ्यावी? अशी एक मुलगी आमच्या परिचयाची आहे. तिचे दुखणे सासरी कळले ते बोटे वाकडी होऊ लागल्यावर.

सौभाग्यवतींचे सांधे पुढे सहा महिन्यांनी ताळ्यावर आले. मन त्याहून उशिरा आले. कल्याणच्या एक भगिनी, ज्यांना हाच आजार आहे, आजही दर गुरुवारी रात्री नऊ वाजता दूरध्वनी करतात. प्रथम विचारतात, “गोळी घेतली का?” मग अर्धा तास दोघी सुनांविषयी, भाजीच्या भावाविषयी बोलतात. मी त्या वेळी भांडी घासून घेतो.